पनवेल नावाची बोट

पनवेल स्थानकातून बाहेर पडल्यावर समुद्राची आठवण यावी असं काही समोर दिसत नाही. रिक्षांची रांग, पुण्याकडे निघालेल्या गाड्यांचे पुकारे, उड्डाणपुलाखाली अडकलेली वाहनं. कोकणात जाणाऱ्याला पनवेल म्हणजे गाडी बदलायची जागा, घाटावर जाणाऱ्याला टोलनाक्याआधीचं शेवटचं मोठं गाव. जुन्या गावात शिरून उरण नाक्याकडे चालू लागलं की मात्र हवा बदलते. सुकटीचा वास येतो, गल्ल्या अरुंद होतात, आणि एका रस्त्याचं नाव बंदर रोड असल्याचं कळतं. बंदर! आज तिथे मालाचं जहाज लागत नाही, तरी रस्त्याने नाव सोडलेलं नाही.

हे नाव उगाच पडलेलं नाही. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरायचा आणि इथून बैलगाडीने घाटाची वाट धरायचा. 1830 मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि मुंबई-पुण्याच्या वाटेवर पनवेल ही पाणी आणि जमीन यांच्यातली मुख्य पायरी बनली. गाड्यांची चाकं बनवणं हा इथला नावाजलेला धंदा होता, तो याच वाहतुकीमुळे. 1849 मध्ये इथल्या बेने इस्राएल समाजाने बेथ एल हे प्रार्थनालय बांधलं, 1852 मध्ये नगरपालिका आली. मग 1863 मध्ये रेल्वेने घाट ओलांडला आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला वळसा घालून जाऊ लागला. गाढी नदीच्या मुखाशी गाळ साचत गेला. बंदर हळूहळू कोळीवाड्यापुरतं उरलं.

मी पनवेलला गेलो तो या बंदरासाठी, आणि बंदरापेक्षाही एका बोटीसाठी. त्या बोटीच्या नावात हे गाव होतं. गावापासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर, बंगालच्या नद्यांमध्ये, 1971 च्या डिसेंबरात तिने जे पाहिलं ते पनवेलच्या माणसांना सांगावं असं फार दिवस मनात होतं.

भारतीय नौदलाने 1960 च्या दशकात सोव्हिएत संघाकडून पोलुचात वर्गातल्या छोट्या गस्ती नौका घेतल्या. त्यांना बंदरांची नावं दिली आणि सगळी नावं एकाच अक्षराने सुरू होणारी निवडली: पांबन, पणजी, पुरी, पुलिकत आणि पनवेल. या नौका म्हणजे खोल समुद्रात झुंजणारी जहाजं नव्हेत. लांबी जेमतेम तीस मीटर, हत्यार म्हणून जड मशीनगन, काम किनाऱ्यालगत गस्त घालण्याचं. उथळ पाण्यातून जाऊ शकणं हा त्यांचा मोठा गुण. ज्या गावाच्या बंदरात गाळामुळे मोठी जहाजं येईनाशी झाली, त्याच गावाचं नाव उथळ पाण्यातल्या बोटीला मिळालं, हे मला फार शोभून दिसतं. या छोट्या आकारामुळेच ‘पनवेल’ची निवड अशा कामगिरीसाठी झाली जिथे विमानवाहू ‘विक्रान्त’चा काही उपयोग नव्हता.

ती कामगिरी समजायची तर आधी मोहन नारायण राव सामंत यांची ओळख हवी. सामंत मुळात पाणबुडीवाले. 4 सप्टेंबर 1969 रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात ‘करंज’ ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान ते होते. ‘करंज’ हे नावही पनवेलपासून फार लांबचं नाही. उरणजवळच्या करंजा बेटावरून ते आलं. म्हणजे या मराठी नौसैनिकाच्या कारकिर्दीतली दोन महत्त्वाची जहाजं रायगड जिल्ह्यातल्या, एका दिवसात दोन्ही पाहून होतील अशा दोन बंदरांची नावं घेऊन फिरली. हे कळल्यावर मी प्रवासाची आखणी तशीच केली: सकाळी पनवेल, दुपारनंतर करंजा.

1971 च्या मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली, तेव्हा पाकिस्तानची ‘मांग्रो’ ही पाणबुडी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात होती. तिच्यावरच्या बंगाली खलाशांपैकी काही जण तिथून निसटले आणि स्पेनमार्गे आठ जण भारतात पोचले. पाण्याखालची लढाई जाणणारी ही माणसं हाताशी आल्यावर नौदलाचे गुप्तचर संचालक कॅप्टन मिहिर रॉय यांनी बंगाली तरुणांचं जलकमांडो दल उभारायचं ठरवलं आणि ते काम सामंतांकडे दिलं. प्लासीला, भागीरथीच्या काठी, गुप्त छावणी पडली. चारशेहून जास्त तरुण तिथे तयार झाले. बरेचसे शेतकऱ्यांची मुलं आणि विद्यार्थी, नदीकाठी वाढलेले, पोहण्यात तरबेज. त्यांना रात्रीच्या अंधारात, छातीपोटाशी गमछाने सुरुंग बांधून, प्रवाहाबरोबर आवाज न करता जायला शिकवलं गेलं. 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज अशा चार ठिकाणी एकाच वेळी जहाजांच्या तळांना सुरुंग चिकटले. हल्ल्याची खूण आकाशवाणीवरून लागलेल्या ठरावीक गाण्यांनी दिली होती.

प्लासीच्या छावणीत शिकवणाऱ्या नौसैनिकांमध्ये चिमनसिंग होता. हुद्दा लीडिंग सीमन. नौदलाच्या उतरंडीत हा खालून जवळचा हुद्दा, अधिकाऱ्यांच्या मेसपासून बराच दूरचा. गाव आजच्या हरियाणातल्या रेवाडीजवळचं गोकलगढ. तिथून कुठल्याही दिशेला समुद्र शेकडो कोस लांब. कोरड्या मुलखातला हा मुलगा 1961 मध्ये नौदलात आला आणि दहा वर्षांत बंगाली पोरांना नदीच्या प्रवाहात जिवंत राहायला शिकवू लागला. 1971 मध्ये त्याचं वय सव्वीस.

मराठी वाचकाला समुद्री शौर्य म्हटलं की कान्होजी आंग्रे आठवतात, सिंधुदुर्ग आठवतो, भंडारी-कोळ्यांची गलबतं आठवतात. ती आठवण खरी आहे आणि जपण्यासारखी आहे. तरी या कथेचा नायक कोकणातला नाही हे मला सांगावंसं वाटतं, कारण आपल्या बंदराच्या नावाने गेलेल्या तुकडीत तो होता, आणि म्हणून तो आपलाही आहे.

ऑक्टोबर 1971 मध्ये कोलकाता बंदराकडून मिळालेल्या दोन बोटींवर गार्डन रीचच्या गोदीत प्रत्येकी दोन बोफोर्स तोफा चढवण्यात आल्या. त्यांची नावं ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. त्यांच्यावर भारतीय आणि बंगाली नौसैनिक मिळून काम करत. आजचं बांगलादेशचं नौदल आपली सुरुवात याच दोन बोटींपासून मोजतं. डिसेंबरात युद्ध उघड सुरू झालं, तेव्हा या दोन बोटींना ‘पनवेल’ येऊन मिळाली आणि सीमा सुरक्षा दलाची एक गस्ती बोटही. सगळ्यांचे प्रमुख कमांडर सामंत. ‘पनवेल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर जोसेफ पायस आल्फ्रेड नरोन्हा. लक्ष्य होतं मोंगला बंदर आणि त्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या आत, खुलना.

मार्ग सुंदरबनातून होता. इथे माझ्या पनवेलच्या फेरीचा उपयोग झाला.

पनवेल कोळीवाड्याच्या मागे खाडी लागते. दोन्ही काठांना तिवरांची दाटी आणि मध्ये पाण्याची वाकडीतिकडी वाट. भरतीला ती रुंद दिसते, ओहोटीला दोन्ही बाजूंनी काळा गाळ उघडा पडतो आणि बोट जाण्याजोगं पाणी मधल्या पट्ट्यापुरतं उरतं. जाळं विणत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याला मी विचारलं, “काका, ओहोटीला इथून चालत काठ गाठता येतो का?”

“चालाचं नाव काढू नको, बाला,” ते म्हणाले. “गाल मांडीपरत घेतंय. आडवं परून सरकाचं.”

“आणि जखमी माणसाला बरोबर घेऊन यायचं असेल तर?”

त्यांनी जाळं खाली ठेवलं. “मंग भरतीची वाट बघाची.” थोडं थांबून म्हणाले, “वाट बघाला येल असला तं.”

वेळ असला तर. खुलन्याला तो नव्हता.

सुंदरबनातल्या खाड्या अशाच आहेत, फक्त कित्येक पटींनी मोठ्या. नकाशावर जंगलाच्या अंगावर शिरांसारखं पाणी पसरलेलं दिसतं. तिवरांची उंच भिंत, एकसारखी वळणं, भरती-ओहोटीच्या ओढीने फिरणारा प्रवाह. अशा मार्गाने लढाऊ बोटी नेणं म्हणजे क्षणोक्षणी गाळात रुतण्याची भीती. सामंतांच्या तुकडीने तो मार्ग पार केला आणि 10 डिसेंबरच्या सकाळी मोंगला गाठलं. आदल्याच रात्री, 9 डिसेंबरला, दीवजवळ नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली होती. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले होते, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपली सुटका नाकारून जहाजाबरोबर गेले होते. देशाच्या पश्चिम टोकाला नौदलाच्या इतिहासातली सर्वांत काळी रात्र संपत होती, आणि पूर्व टोकाला या चिमुकल्या बोटी नदीच्या मुखातून आत शिरत होत्या.

मोंगल्याला तुकडीने शत्रूला गाफील गाठलं. तिथेच काम झालं म्हणून परतता आलं असतं. सामंत पुढे निघाले. पशुर नदीतून वर, जिथे तिचं नाव रूपसा होतं त्या खुलन्याकडे, सीमा सुरक्षा दलाची बोट वगळता ‘पनवेल’, ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ अशा तीन बोटी. नदीत मोकळा समुद्र नसतो, वळायला जागा नसते, दोन्ही काठांवरून बंदुकांचा पल्ला गाठता येतो.

दुपारी बाराच्या सुमारास खुलना गोदीजवळ आकाशात तीन विमानं दिसली. ती भारतीय हवाई दलाची नॅट विमानं होती. बोटींच्या माथ्यावर, आपल्याच विमानांना ओळख पटावी म्हणून, पिवळी खूण केलेली होती. विमानं आपली आहेत हे ओळखून बोटींवरच्या तोफांना मारा न करण्याचा हुकूम मिळाला. पण वैमानिकांनी बोटी शत्रूच्या समजून हल्ला केला. ‘पद्मा’ पेटली, पाठोपाठ ‘पलाश’. दोन्ही बोटी गेल्या. ‘पनवेल’ वाचली.

नौदलाच्या इतिहासात ही गोष्ट आज लपवलेली नाही आणि लपवूही नये. युद्धात आपल्याच हातून आपली माणसं मरतात, जगातल्या प्रत्येक सैन्याने हे भोगलं आहे. वेगाने जाणाऱ्या विमानातून खाली पाहणाऱ्या माणसाला नदीतली बोट बोटभर दिसते. त्या तरुण वैमानिकांना दोष देऊन मला काही मिळवायचं नाही. मला एवढंच दिसतं की पाण्यात फेकल्या गेलेल्या माणसांच्या वाट्याला एकाच तासात दोन संकटं आली. वरून आपल्यांचा चुकलेला मारा, आणि काठावरून शत्रूचा नेम धरून चाललेला गोळीबार. पोहणाऱ्या माणसांवर काठावरून गोळ्या झाडल्या जात होत्या.

त्या पाण्यात चिमनसिंग होता. बोट बुडताना धातूचे तुकडे त्याच्या अंगात घुसले होते. पट्टीचा पोहणारा, शिकवणारा माणूस, एकटा काठ गाठणं त्याला अशक्य नव्हतं. तेव्हा त्याने पाहिलं की वाचलेल्यांपैकी जखमी झालेल्यांना, त्यांत एक अधिकारी होता, पाण्यावर राहणं जड जात आहे. तो त्यांच्याकडे वळला.

या वळण्याजवळ थोडं थांबायला हवं. बुडणाऱ्याला वाचवणं हे शांत तलावातसुद्धा धोक्याचं असतं, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही तळाला जातात. जखमी माणूस हातपाय हलवू शकत नाही, त्याचं सगळं वजन ओढणाऱ्यावर येतं. कपडे भिजून जड झालेले. ओढणाऱ्याचा एक हात गुंतलेला, म्हणून वेग अर्ध्याहून कमी. आणि वेग कमी म्हणजे काठावरच्या बंदुकीला नेम धरायला जास्त वेळ. रक्त वाहत असलेल्या माणसाने हे सगळं ओळखून पाठ फिरवली असती, तर त्याला कुणीही नावं ठेवली नसती. त्याने सोबत्यांना धरलं, गोळ्यांच्या वर्षावातून त्यांना काठाकडे आणलं.

काठ म्हणजे सुटका नव्हती. काठावर शत्रू उभा होता. जखमी माणसं गाळात, पळण्याचं त्राण नाही, लपायला जागा नाही. तेव्हा चिमनसिंगने त्या दिवसातलं सर्वांत कठीण काम केलं. तो उठला आणि शत्रूच्या दिशेने धावत गेला. सगळ्या बंदुका आपल्याकडे वळाव्यात, एवढ्यासाठी. वळल्या. त्या वेळात त्याच्या सोबत्यांना निसटता आलं. तो स्वतः शेवटी पकडला गेला आणि युद्धकैदी झाला. 16 डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली, खुलन्याच्या पाकिस्तानी फौजेने 17 तारखेला शस्त्रं ठेवली. बांगलादेश मुक्त झाल्यावर त्याची सुटका झाली आणि त्याला रुग्णालयात दाखल केलं गेलं. या पराक्रमाबद्दल त्याला महावीर चक्र मिळालं.

शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण बहुधा एका क्षणाचं चित्र रंगवतो. इथे तीन क्षण आहेत आणि प्रत्येक आधीच्याहून अवघड आहे. पहिल्यात त्याने दुसऱ्यासाठी आपला वेग सोडला. दुसऱ्यात, गोळीबारातून पोहताना, हातातलं वजन सोडलं नाही. तिसऱ्यात आपण वाचण्याची आशाच सोडली. अंगात तुकडे घुसलेल्या माणसाने एकाच दुपारी तिन्ही वेळा तोच निर्णय घेतला, म्हणजे तो भावनेच्या भरातला नव्हता. प्लासीच्या छावणीत महिनोन् महिने ज्याने पोरांना शिकवलं, त्याचं शिकवणं त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

महाराष्ट्राला हे सगळं अगदी अनोळखी नाही. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनियो नदीवर पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतला नामदेव जाधव हा शिपाई आपल्या कंपनी कमांडरचा निरोप्या म्हणून पुढे होता. नदी ओलांडताना त्यांच्या गटावर मशीनगनचा मारा आला, बहुतेक सगळे पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजच्या या तरुणाने जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, निसरड्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं. दोन फेऱ्या केल्या. मग परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदी, जखमी सोबती, काठावरचा शत्रू, आणि सुटका झाल्यावर पुन्हा शत्रूकडेच वळणं. चिमनसिंगने नामदेव जाधवांचं नाव ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण सव्वीस वर्षांच्या अंतराने दोघांची पावलं एकाच वाटेने पडली.

खुलन्याची गोष्ट तिथे संपत नाही. ‘पलाश’च्या इंजिनखोलीत मोहम्मद रुहुल अमीन हा बंगाली तंत्रज्ञ होता. बोट सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा त्याने ती सोडायला नकार दिला आणि इंजिनं चालू ठेवण्यासाठी झटत राहिला. इंजिनखोलीच पेटली. जखमी अवस्थेत तो काठापर्यंत पोचला आणि तिथे पाकिस्तानी फौजेच्या साथीदार रझाकारांनी त्याला मारलं. बांगलादेशाने त्याला ‘बीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च युद्धसन्मान दिला. सातच माणसांना तो मिळाला आहे. ‘पद्मा’वरच्या मोहिबुल्लाहलाही त्याच दिवशी मरण आलं. दोघांच्या कबरी रूपसाच्या काठावर आहेत.

आणि ‘पनवेल’? ती एकटी उरली होती. दोन सोबती बोटी जळत होत्या, काठावरून मारा चालू होता, विमानं परत येणार नाहीत याची खात्री नव्हती. सामंत आणि नरोन्हा यांनी त्या अवस्थेत पाण्यातली माणसं उचलली. तीस मीटरच्या बोटीवर जखमी माणसं दाटीवाटीने आली. नरोन्हांनी बोट शाबूत बाहेर काढली. सामंत आणि नरोन्हा दोघांनाही महावीर चक्र मिळालं. 1971 च्या युद्धात नौदलाच्या वाट्याला आठ महावीर चक्रं आली. त्यांतली तीन या एवढ्याशा तुकडीला. विमानवाहू जहाज, क्षेपणास्त्र बोटी, कराचीवरचा हल्ला, हे सगळं जमेस धरून आठ, आणि त्यांत नदीतल्या तुकडीची तीन! या आकड्यापुढे मी अनेकदा थांबलो आहे.

दुपारनंतर उरणची वाट धरली. पनवेलहून बाहेर पडलं की जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर सोबतीला येतात. 1989 मध्ये सुरू झालेल्या या बंदराने पनवेल बंदराचा मागमूस पुसला असं म्हणतात, पण पनवेल बंदर त्याच्या फार आधी थकलं होतं. उलव्याकडे नवा विमानतळ उभा आहे, चिर्ल्याला अटल सेतू उतरतो. चिरनेरचा फाटा लागतो. 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहात तिथे गोळीबार झाला आणि आगरी, कोळी, कातकरी माणसं मेली. या पट्ट्याला बंदुकीपुढे उभं राहण्याची ओळख फार जुनी आहे. त्याआधीची ओळख पनवेलच्या दक्षिणेला, गोव्याच्या रस्त्यावरच्या शिरढोणला: तिथे वासुदेव बळवंत फडके जन्मले, आणि पनवेलने आपल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं. आपल्या माणसाची आठवण कशी ठेवायची हे पनवेलला येतं.

करंज्याला पोचलो तेव्हा मासळी उतरत होती. टोपल्या, बर्फ, डिझेलचा वास, लिलावाचे आवाज. समोर रेवसचा किनारा, मागे द्रोणागिरीचा डोंगर. नौदलाचं शस्त्रभांडार याच बाजूला आहे, म्हणून काही वाटा बंद असतात. सामंतांच्या पहिल्या ‘करंज’ला या गावाचं नाव मिळालं, आणि ती निवृत्त झाल्यावर 10 मार्च 2021 रोजी मुंबईत दुसरी ‘करंज’ नौदलात आली. करंज्याचं नाव आजही पाण्याखालून फिरतं आहे. धक्क्यावरच्या एका तरुण तांडेलला मी हे सांगितलं, तर त्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग मोबाइलवर शोधलं, आणि शेजारच्या बोटीवरच्या पोरांना हाक मारून दाखवलं.

“बघ रे, आपलं करंजा!”

‘पनवेल’बद्दल आणि चिमनसिंगबद्दलही मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, “जखमी होता तरी परत गेला?” हो म्हटल्यावर तो म्हणाला, समुद्रात आम्ही कुणाला सोडून येत नाही, पण आमच्यावर कुणी गोळ्या झाडत नाही.

सामंत पुढे काही काळ नव्या बांगलादेशात राहिले आणि तिथल्या नौदलाची पहिली घडी त्यांनी बसवली. आपल्या कामगिरीबद्दल ते कित्येक वर्षं गप्प होते. ती गुप्त मोहीमच होती. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं ‘ऑपरेशन एक्स’ हे इंग्रजी पुस्तक 2019 मध्ये आलं आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत ते वारले.

बंदर रोडवर, कोळीवाड्याच्या तोंडाशी, जिथून खाडी दिसते, तिथे ‘पनवेल’ची एक पाटी असावी असं मला मनापासून वाटतं. महानगरपालिका ते सहज करू शकेल, नौदल आनंदाने मदत करेल. पाटीवर पहिलं नाव चिमनसिंगचं हवं, मग सामंत आणि नरोन्हा यांचं, आणि रुहुल अमीन व मोहिबुल्लाह यांचंही, कारण त्या दिवशी ते एकाच तुकडीत होते. तारीख हवी, 10 डिसेंबर 1971. खुलना आणि रूपसा ही नावं हवीत. आणि जमिनीवर तीस मीटर लांबीची एक रेघ आखलेली हवी, म्हणजे शाळेची मुलं ती चालून पाहतील आणि बोट केवढीशी होती हे त्यांना आपल्या पावलांनी मोजता येईल.